सात नंबरचा आकडा

“मॅडम, तुमचं पोट्टं पुन्हा डोळे मिचकावून राहिलं,” पिंपळशेंडे म्हणाले आणि पडद्याकडे बोट करून त्यांनी चहाचा घोट घेतला.

मी मान वर करेपर्यंत आकडा गेला होता. पाच नंबरच्या जागेवर क्षणभर एक पॉइंट तीन उमटलं, भोंगा अर्धवट कण्हला आणि लगेच तिथे पुन्हा पॉइंट दोन येऊन बसलं. पिंपळशेंड्यांनी भोंगा बंद करायचं बटण दाबलं होतं, तेही पडद्याकडे न बघता, अंगावरची माशी हाकलावी तसं.

पोट्टं म्हणजे माझा प्रोग्रॅम. चंद्रपूरच्या पलीकडे वर्धा नदीच्या खोऱ्यात एक भूमिगत कोळसाखाण होती, तिच्या तोंडाशी पत्र्याच्या छपराची ही खोली. दोन संगणक, तीन टेलिफोन, भिंतीवर खाणीचा नकाशा. खाली अकरा ठिकाणी गॅस मोजणारी यंत्रं बसवली होती आणि त्यांचे आकडे केबलमधून वर येत. कुठेही सव्वा टक्क्याच्या वर आकडा गेला की त्या भागाची वीज तोडायची आणि माणसं बाहेर काढायची, हा नियम. पडद्यासमोर बसून तो पाळायचं काम वामन पिंपळशेंड्यांचं. पंचावन्न वर्षांचे, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. पूर्वी स्वतः वीस वर्षं खाली उतरलेले.

ही दोन हजार चार सालच्या श्रावणातली गोष्ट. मी नागपूरच्या एका लहानशा कंपनीत होते. या खाणीचा प्रोग्रॅम मी लिहिला होता, त्यासाठी अधूनमधून इथे येत असे आणि त्या दिवशी तो दुरुस्त करायला आले होते.

तिथं काय चुकलं होतं ते सांगायला हवं. संगणकावर दोन प्रोग्रॅम चालत. एक खालून येणारे आकडे गोळा करी, दुसरा ते पडद्यावर दाखवी आणि वेळ पडली तर भोंगा वाजवी. जुन्या पद्धतीत पहिला प्रत्येक आकडा जणू पाकिटात घालून दुसऱ्याकडे पाठवायचा आणि दुसरा एकेक पाकीट फोडून वाचायचा. पाकिटं साचत. पाळी बदलायच्या वेळी तर खालचा आकडा वर दिसेस्तोवर पाऊण मिनिट जाई, आणि गॅस पाऊण मिनिट थांबत नाही. मी ते टपालच बंद केलं. संगणकाच्या स्मृतीचा एक तुकडा दोघांच्या सामाईक मालकीचा केला. शाळेतला फळाच म्हणा. पहिल्यानं त्यावर लिहायचं, दुसऱ्यानं तिथंच वाचायचं. नेणं नाही, आणणं नाही. खाली गॅस हलला की वर आकडा हलला. खाणीचे साहेब खूश झाले होते.

सामाईक फळ्याला एकच शिस्त लागते. एक जण लिहीत असताना दुसऱ्यानं बघायचं नाही. बघितलं तर अर्धं नवं आणि अर्धं जुनं वाचलं जातं, म्हणजे जागा पाच नंबरची आणि आकडा आधी लिहिलेला नऊ नंबरचा. नऊ नंबर होता बंद केलेल्या जुन्या भागाच्या तोंडाशी. तिथं माणसं जात नसत आणि गॅस कायम जास्त असे, म्हणून त्याला भोंगा जोडलेला नव्हता. त्याचा आकडा दुसऱ्याच्या नावावर लागला की मात्र भोंगा वाजे. असं होऊ नये म्हणून लिहिणाऱ्यानं लिहिताना फळ्याला एक कुलूप घालायचं असतं. चार महिने ते कुलूप तिथं नव्हतं.

पहिल्या पंधरवड्यात पिंपळशेंडे प्रत्येक भोंग्याला खाली फोन लावत. माणसं काम टाकून वर चढत, काही नसे, मग फोनवरून शिव्या येत. शेवटी मीच त्यांना सांगितलं होतं, की आकडा येऊन लगेच गेला तर तो पडद्याचा दोष समजा. गॅस असा उडी मारून येत नाही, चढत चढत येतो आणि राहतो. त्यांनी ते तिन्ही पाळ्यांच्या लोकांना शिकवलं.

त्या दिवशी अकरा वाजता मी नवं कुलूप बसवलं. त्यानंतर तासभर पडदा शांत होता. पिंपळशेंड्यांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी विचारलं, काय केलं म्हणून. मी म्हटलं, थोडं नीट केलंय.

“म्हंजे आता डोळे नाही मिचकावणार?”

“नाही मिचकावणार बहुतेक.”

“मंग आता काय करन? जीभ दाखवन?”

मी हसले. त्यापलीकडे आमचं बोलणं झालं नाही.

साडेबाराला मी खिडकीखालच्या टेबलावर डबा उघडला. माझा चातुर्मासाचा नेम होता, मौनानं जेवायचा. आईचा होता, सासूबाईंचाही आहे. पहिला घास घेतल्यापासून आचवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं तर ताटावरून उठायचं आणि त्या दिवशी पुन्हा अन्न घ्यायचं नाही. पिंपळशेंड्यांना हे ठाऊक होतं. माझा डबा उघडला की ते आपणहून रेडिओ बारीक करत आणि कुणी आत डोकावलं तर ओठांवर बोट ठेवत. त्यांच्या आईचाही असाच नेम होता म्हणे. एकदा त्यांच्या वडलांनी जेवताना तिला हाक मारली आणि ती उपाशी राहिली, तर आजीनं वडलांना आठवडाभर झोडपून काढलं होतं शब्दांनी. नेमाच्या माणसाचा नेम मोडणाऱ्याले पाप लागते, मोडणाऱ्यालेच लागते, असं ते मला सांगत.

पोळी संपली, दहीभात घेतला, तेव्हा भोंगा वाजला.

मी पडद्याकडे पाहिलं. सात नंबर. खालच्या टोकाला जिथं पाणी साचतं तिथं पंप होता, त्याच्याजवळचं यंत्र. एक पॉइंट चार. भोंगा थांबला. पॉइंट सहा. मग पुन्हा एक पॉइंट पाच, आणि पुन्हा पॉइंट पाच.

पिंपळशेंडे बटणावर हात ठेवून माझ्याकडे वळले. ते विचारायला कचरत होते, तेही मला दिसलं.

“ताई, माफ करजा. येऊन राहिलं अन् जाऊन राहिलं. तुमचंच ना हे?”

मी खाली पाहिलं आणि पुढचा घास घेतला.

“बरं बरं. जेवा तुमी. तेच असन,” ते म्हणाले, आणि बटण दाबल्याचा टक् असा आवाज आला.

त्यांनी खाली फोन केला नाही. माझे पाच-सहा घास राहिले होते. ते मी संपवले, डबा धुतला, हात पुसले आणि आता यंत्रांची नोंद उघडून बघावी म्हणून खुर्चीवर बसले, तेवढ्यात मधला टेलिफोन वाजला. पिंपळशेंड्यांनी तो उचलला. ऐकता ऐकता त्यांचा दुसरा हात भिंतीवरच्या नकाशावर सात नंबरच्या जागी जाऊन टेकला.

खाली हवा वळवायला ताडपत्रीचा पडदा लावलेला असतो. तो एका बाजूनं फाटून फडफडत होता, म्हणून गॅस झुळकेझुळकेनं येत होता. चढत चढत येण्याऐवजी येत होता आणि जात होता. पंपाच्या स्विचच्या झाकणाचे दोन बोल्ट नव्हते. पंपवाल्यानं खटका ओढला, ठिणगी बाहेर आली आणि गॅस पेटला. सोनेराव आत्राम त्याचं नाव. एकटाच होता म्हणून एकटाच भाजला. चेहरा, छाती आणि दोन्ही हात. मी डबा धूत होते तेव्हा.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. खाणसुरक्षेचे एक अधिकारी बाहेरगावाहून आले होते, हळू बोलणारे, प्रत्येक उत्तर स्वतःच्या हातानं लिहून घेणारे. आमच्या कंपनीचे मालक कोलते सर नागपूरहून पहाटेच निघून आले. व्हरांड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. खोटं बोल असं ते म्हणत नव्हते, मी बोलणार नाही हेही त्यांना माहीत होतं. विचारतील तेवढंच सांग, एवढंच त्यांचं म्हणणं. कंपनीत चौदा माणसं आहेत, हेही त्यांनी आठवणीनं सांगितलं.

मला आधी बोलावलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, अपघाताच्या वेळी सॉफ्टवेअर बरोबर चालत होतं का. मी सांगितलं, अकरा वाजल्यापासून बरोबर चालत होतं, पडद्यावरचा आकडा खरा होता. त्यांनी नोंदीचा कागद ताडून पाहिला, मान हलवली आणि माझी सही घेतली. यातला शब्दही खोटा नव्हता. मला बाकावर बसायला सांगून त्यांनी पिंपळशेंड्यांना आत घेतलं.

पिंपळशेंड्यांनी पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता. टोपी हातात धरून ते उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“भोंगा बंद का केलात?”

“मले वाटलं साहेब, लुकलुकून राहिलं.”

“कुणाला विचारलंत?”

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

“कोणालेच नाही जी.”

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मग समजावल्यासारख्या सुरात सांगितलं, की समोरच्या टेबलाशी हा प्रोग्रॅम लिहिणारी बाई बसलेली असताना तिला एका शब्दानंही न विचारता तुम्ही भोंगा बंद केलात, तर याचा अर्थ गंभीर होतो. निलंबन तर होईलच, नोकरी आणि निवृत्तिवेतनही राहील असं समजू नका. पिंपळशेंडे “हो जी” म्हणाले, सही केली आणि बाहेर गेले.

मी त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात आले. ते नळावर तोंड धूत होते. मी विचारलं, दादा, असं का सांगितलंत.

“मंग काय सांगू? नेमावर बसलेल्या बाईले मी टोकलं, हे सांगू? चूक माहीच होती ताई. तुमाले विचारायलेच नाही पाहिजे होतं. तुमी कशा बोलसान?” शर्टाच्या बाहीनं त्यांनी तोंड पुसलं. “माही माय असती तर तीही नसती बोलली.”

त्यांच्या आईनं काय केलं असतं मला ठाऊक नाही. मी काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. मी तशीच आत परत गेले. कोलते सर दारात उभे होते, ते काहीतरी म्हणाले. मी ऐकलं नाही.

अधिकारी कागद आवरत होते. मला अजून सांगायचं आहे, असं म्हटल्यावर त्यांनी पेनचं टोपण पुन्हा काढलं. मी सांगितलं की फळ्याचं कुलूप मी एप्रिलमध्ये स्वतः काढलं होतं. कुलपामुळे पडदा मधूनमधून अडखळत होता आणि प्रोग्रॅम दाखवायची तारीख दोन दिवसांवर आली होती. लिहायला सेकंदाचा लाखावा भाग लागतो, नेमकं तेवढ्यात कोण बघणार, असा मी हिशेब केला. खोटे भोंगे त्यामुळे वाजत होते. ते ऐकू नका, हे पिंपळशेंड्यांना मी शिकवलं. अकरा वाजता कुलूप परत लावलं, तेव्हा आता दिसेल तो आकडा खराच धरा, असं त्यांना बजावायला हवं होतं. बजावलं नाही, कारण मग आतापर्यंत काय होतं हेही सांगावं लागलं असतं. आणि पिंपळशेंड्यांनी मला विचारलं होतं. मी जेवत होते. उत्तर दिलं नाही.

“जेवत होता म्हणून?”

मी नेमाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कसलीही कुचेष्टा न करता.

“आणि बोलला असतात तर काय झालं असतं?”

“त्या दिवशी पुन्हा जेवता आलं नसतं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“याआधी कधी असं बोलावं लागलंय तुम्हाला?”

“आषाढात एकदा. कुरिअरवाला आला होता, घराचा नंबर विचारत होता.”

पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग ते वाक्यही लिहिलं.

कोलते सरांनी महिनाअखेरीला मला राजीनामा द्यायला सांगितलं. ते रागावले नव्हते, थकलेले होते. खाणीचं काम आमच्याकडून गेलं. अहवालात फाटका पडदा, नसलेले बोल्ट, माझं कुलूप आणि भोंग्याचं बटण अशी चार कारणं ओळीनं आली. पिंपळशेंड्यांची नोकरी आणि निवृत्तिवेतन राहिलं. त्यांना खाली उतरणाऱ्यांचे दिवे देण्याघेण्याच्या खोलीत बदललं. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. माझं सामान घ्यायला मी खाणीवर गेले तेव्हा ते दिव्यांच्या खिडकीत बसले होते. मला पाहून उठले, पण बाहेर आले नाहीत.

“मी साहेबाले एकदा नाही म्हणून सांगतलं होतं ताई,” ते म्हणाले. “तुमी जाऊन हो म्हटलं. तीस वर्षं झाले मले इथं. आता पोट्टेसोट्टे म्हणतेत, वामनराव खोटं बोलले साहेबापाशी.” त्यांनी समोरचा दिवा उचलून काच पुसायला घेतली. “तुमचं चांगलंच असन. मी काही म्हणत नाही.”

त्यानंतर आमची भेट झाली नाही.

आत्रामला चंद्रपूरला दवाखान्यात ठेवलं होतं. मी तीनदा बाहेरच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. चौथ्यांदा आत गेले, तेव्हा अपघाताला दीड महिना झाला होता. तो उताणा पडलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, डोळे मिटलेले. पलंगाशी त्याची बायको खाली बसली होती. तिचं नाव जंगूबाई. मी कोण ते सांगितलं. तिनं पिशवी सरकवून मला बसायला जागा केली. उजवा हात राहील, डाव्याचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचं ती म्हणाली. धाकट्या मुलीची शाळा, गावाहून यायला लागणाऱ्या दोन बस, असं काहीबाही ती बोलत राहिली. मी ऐकत होते. मग मध्येच ती थांबली.

“वरतं दिसते म्हणतेत, खालचा गॅस. तुमाले दिसला होता का?”

“हो.”

“मंग?”

अधिकाऱ्यांना मी सगळं सांगितलं होतं. एक गोष्ट सांगितली नव्हती, कारण त्यांनी विचारली नव्हती आणि कुठल्याही कागदावर ती बसली नसती. घरीही कुणाला सांगितली नव्हती. सात नंबरचा आकडा पहिल्यांदा उमटला तेव्हा माझ्यासमोर दोनच शक्यता होत्या. गॅस खरा होता, किंवा माझं कुलूप फसलं होतं. कुलूप फसलं असेल तर चार महिन्यांचं सगळं उघडं पडणार होतं, आणि अकराला लावलेलं दीड तासात निकामी झालं म्हणून हसं व्हायचं ते वेगळंच. घास तोंडात होता. तोंडानं मौन होतं, मनानं नव्हतं. मी देवाचं नाव घेत होते, रोज जेवताना घेते तसंच, आणि त्या नावाला जोडून मागत होते.

जंगूबाई माझ्याकडे बघत होती.

“मी देवाला म्हटलं,” मी तिला सांगितलं, “हा आकडा खरा निघू दे.”

तिला ते कळलं नाही. आजूबाजूला आवाज होता आणि माझा आवाज मुळातच लहान. ती पुढे वाकली आणि काय म्हणून विचारलं. मला ते पुन्हा सांगावं लागलं. या वेळी आत्रामनं डोळे उघडले.

“खरा निघू दे म्हटलं मी. म्हणजे माझं काम बरोबर ठरलं असतं.”

शेजारच्या पलंगावरच्या कुणीतरी पाणी मागितलं, ते कुणीतरी दिलं.

“निघाला ना मंग,” ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या कपाळावर बसलेली माशी तिनं पदरानं हाकलली.